दादाचा ब्लॉक

कॉम्प्युटर आणि पाणी हे दोन शब्द एका वाक्यात आले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कीबोर्डवर सांडलेला चहा, बरोबर? आमच्या घरात मात्र दादा येतो. आणि त्याच्या मागोमाग बाबांचा चढलेला आवाज. पण ते नंतर. आधी मे महिन्याबद्दल सांगते.

२०२३ चा मे. पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला. मी एका आर्किटेक्चर फर्ममध्ये काम करते. म्हणजे न बांधलेल्या बिल्डिंगची अशी चित्रं करून द्यायची की क्लायंटला वाटलं पाहिजे, आत्ता बाल्कनीत जाऊन चहा प्यावा! याला आमच्याकडे रेंडर म्हणतात. आठवड्यातले तीन दिवस वर्क फ्रॉम होम, त्यामुळे रेंडर घरच्या मशीनवर. रात्री लावून झोपायचं, सकाळी उठून बघायचं. निदान प्लॅन तरी असा होता.

प्लॅनमध्ये आवाज धरलेला नव्हता. कार्डाचे पंखे असे घरघरायचे की बाबा हॉलमधून ओरडायचे, ‘‘अगं, रात्री साडेअकराला मिक्सर कोण लावतंय?’’

कार्ड होतं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०७०, तेही सेकंडहँड. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम नावाच्या डिजिटल चलनाने आपली सिस्टिम बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग करायचा धंदा एका दिवसात बसला. रात्रंदिवस राबलेली कार्डं मग बाजारात आली. त्यातलंच एक मी त्या दिवाळीत घेतलं. २०१६ चं मॉडेल, ८ जीबी मेमरी. माझ्या कामाला पुरेसं. फक्त पंख्यांच्या बेअरिंगने राम म्हटलेला. चिप ८३ डिग्रीला पोचली की कार्ड स्वतःच आपला वेग कमी करायचं आणि रेंडर लांबायचं.

खरं सांगू? नवे पंखे टाकूनही भागलं असतं. पण एका रविवारी आई माळा आवरत होती आणि तिने वरून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. ‘‘हे बघ गं तुझ्या दादाचं काय ते. टाकू?’’

डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक चौकोनी ठोकळा होता. खाली तांबं, वर काळं प्लास्टिक, त्याला दोन तोट्या. सोबत चार लांब स्क्रू, चार स्प्रिंगा आणि पितळेचे चार छोटे खांब. दादाचा वॉटर ब्लॉक!

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चिप तापते. तिच्यावर पंख्याऐवजी हा तांब्याचा ठोकळा बसवायचा. ठोकळ्यातून पंपाने पाणी फिरवायचं. पाणी उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातं, तिथे गार होतं आणि परत येतं. गाडीच्या इंजिनात असतं तेच, फक्त टेबलावर.

असे ब्लॉक दोन प्रकारचे. एक अख्ख्या कार्डाला झाकणारा. तो एकाच मॉडेलच्या मापाचा असतो, कार्ड बदललं की ब्लॉक भंगारात. दुसरा फक्त मधल्या चिपपुरता, कुठल्याही कार्डाला चालावा म्हणून स्क्रूसाठी वेगवेगळ्या अंतरांवर खाचा दिलेला. दादाचा दुसऱ्या प्रकारचा होता. २०१० मध्ये त्याने तो जीटीएक्स ४६० साठी मागवला होता. मी पट्टी घेऊन माझ्या १०७० वरच्या भोकांमधलं अंतर मोजलं. ५८ मिलिमीटरच्या आसपास. जुन्या कार्डासाठी दादाने स्क्रू ज्या खाचेत लावले होते, नेमकं तेच! दोन कार्डांत सहा वर्षांचं अंतर आणि भोकं तिथेच. मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं. नवा ब्लॉक मागवायचा तर निम्म्या कार्डाचे पैसे गेले असते.

‘‘टाकू नकोस,’’ मी आईला म्हटलं.

आईने माझ्याकडे बघितलं. ‘‘तूच म्हणतेयस ना हे?’’

तिचं बरोबर होतं. कारण हा डबा म्हणजे आमच्या घरातला पुरावा नंबर एक होता.

२०१० च्या डिसेंबरची गोष्ट. मी आर्किटेक्चरच्या सेकंड इयरला. दादाला नुकतीच पहिली नोकरी लागलेली. घरात एकच कॉम्प्युटर, आणि दादाने त्यात पाणी खेळवलेलं, हिरव्या रंगाचं. कॉलनीतली पोरं बघायला यायची. बाबा भोसरीत फिटर होते, आयुष्य मशीनमध्ये गेलेलं. त्यांनी एकदा वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘लाईट आणि पाणी शेजारी ठेवू नये.’’

सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता स्क्रीन काळी झाली. करपल्याचा वास. कॅबिनेट उघडलं तर मदरबोर्डवर हिरवं पाणी, खाली हार्ड डिस्कपर्यंत ओघळ. माझं सेमिस्टरभराचं काम त्या डिस्कवर. बॅकअप? २०१० मध्ये माझ्यासारख्या मुलीला बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर वाटायचा. सबमिशन हुकलं, विषय राहिला. बाबा दादाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादा एक शब्द बोलला नाही. त्याने सगळं सोडवलं, ब्लॉक डब्यात घातला आणि पुढचे काही महिने पगारातून हप्ते भरून घरात नवा कॉम्प्युटर आणला. पाण्याच्या वाटेला पुन्हा कधी गेला नाही.

आणि मी? मी ती गोष्ट तेरा वर्षं वापरली. दादाने काही सल्ला दिला की, ‘‘तू गप्प बस, तुझ्या पाण्यात माझं सेमिस्टर वाहून गेलंय!’’ फॅमिली जोकच झाला होता तो. त्याच्या लग्नात माईक हातात आला तेव्हाही मी तोच मारला. सगळे हसले. दादासुद्धा हसला.

असो. तर मी कामाला लागले.

आधी सफाई. ब्लॉक उघडला की आत तांब्याच्या केसाएवढ्या बारीक फटी असतात, त्यातून पाणी जातं. त्या फटींत पांढरट हिरवा चिकट थर बसलेला. जुन्या नळ्यांमधून प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ हळूहळू पाण्यात उतरतो आणि असा साठतो. व्हिनेगर पाण्यात मिसळून ब्लॉक त्यात थोडा वेळ ठेवला आणि जुन्या टूथब्रशने घासला. बाहेरून काळा पडलेला तळ आईने चिंचेने असा लखलखीत केला की देव्हाऱ्यात ठेवला असता तरी खपला असता. मात्र चिपला टेकणारी बाजू खरखरीत घासणीने अजिबात घासायची नाही, तिथे ओरखडा चालत नाही.

मग खरेदी. बुधवार पेठेतली तापकीर गल्ली तुम्हाला माहीत असेलच, नसेल तर एकदा जाच. आतली रबरी ओ-रिंग तेरा वर्षांत कडक झालेली, ती बदलली. तोट्यांचे आटे पाव इंची बीएसपी, आजही कॉम्प्युटरच्या पाण्याच्या सामानात तेच चालतात, त्यामुळे नव्या तोट्या सहज बसल्या. एका दुकानदाराने स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर पुढे केला. घेतला नाही. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आलं की ॲल्युमिनियम गंजायला लागतं. तांब्याचाच शोधला. पंप नवा, नळ्या नव्या, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन.

हे सगळं करताना मी आणखी एक गोष्ट करत होते, ती माझ्या उशिरा लक्षात आली. मी दादाची चूक शोधत होते. कुठे आटे घसरलेत का, प्लास्टिकला तडा आहे का, क्लिप सैल होती का. काही सापडेना. ब्लॉक सगळीकडून ठणठणीत. तोट्यांवर क्लिप घट्ट आवळल्याच्या खुणा चारी बाजूंनी सारख्या. बाबांनी बघितल्या असत्या तर म्हणाले असते, काम चोख आहे.

मी डबा बंद केला आणि त्या रात्री पुढे काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक कार्डावर बसवला. हा ब्लॉक फक्त मधली चिप गार करतो, बाजूच्या मेमरीचं काय? १०७० वर मेमरीच्या आठ चिप असतात. त्यांच्यावर छोटे हीटसिंक चिकटवले. वीज पुरवणाऱ्या भागावरही चिकटवले आणि त्या बाजूला एक पंखा ठेवला, कारण पाणी तिथे पोचतच नाही. पाणी भरलं, गळत तर नाही ना ते बघितलं, अर्धा तास वाट बघितली, मशीन सुरू केलं. शांतता! बाबा हॉलमधून म्हणाले, ‘‘लाईट गेली का?’’

रेंडर लावला. साठ. पंचाहत्तर. अठ्ठ्याऐंशी. हे सगळं दहा सेकंदांत. झटकन बंद केला.

पंप गेला म्हणावं तर पाणी फिरताना दिसत होतं. नळीला हात लावला, गार. रेडिएटर गार. म्हणजे पाणी थंडगार आणि चिप भट्टी. उष्णता पाण्यापर्यंत येतच नव्हती. पेस्ट बदलून बघितली, स्क्रू आणखी पिळले. तेच. आता या ब्लॉकबद्दल जगात एकाच माणसाला विचारता येणार होतं.

दादा बंगळुरूला असतो. आमचं बोलणं म्हणजे वाढदिवस, दिवाळी आणि आईबाबांचे मेडिकल रिपोर्ट. फोन लावला. मागे त्याच्या मुलीचा दंगा चालू होता.

‘‘दादा, तुझ्या त्या ब्लॉकचे पितळी खांब आहेत ना...’’

पलीकडे शांत. मग, ‘‘कुठला ब्लॉक?’’

‘‘तोच.’’

मी सगळं सांगितलं. तो मध्ये न बोलता ऐकत होता आणि मग त्याने एकच प्रश्न विचारला. ‘‘नव्या कार्डाच्या चिपवर टोपी आहे का?’’

‘‘कसली टोपी?’’

‘‘अगं, ४६० च्या चिपवर धातूचं झाकण होतं. चिप त्याच्या आत. तुझी उघडी असणार, काचेसारखी चकचकीत. म्हणजे ती बुटकी. खांब जुन्या उंचीचे आहेत. स्क्रू कितीही पीळ, ब्लॉक खांबांवर जाऊन अडतोय. चिपला टेकतच नाहीये. काढून बघ, पेस्ट दबलेली नसेल.’’

काढून बघितलं. पेस्टचा ठिपका जवळजवळ होता तसाच. फक्त एका कोपऱ्यात जरासा पसरलेला. भोकांचं अंतर मोजून मी खूश झाले होते, उंची मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं.

‘‘आता काय करू?’’

‘‘खांब काढून टाक. त्याजागी नायलॉनचे पातळ वॉशर. वरून स्क्रूला स्प्रिंग राहू दे, दाब स्प्रिंगने येऊ दे. आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळ. एकदम एक कोपरा दाबलास तर उघड्या चिपचा टवका उडेल. मग बस रडत.’’

तो एवढा सलग माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. आवाजात तोच जुना उत्साह, कॉलनीतल्या पोरांना हिरवं पाणी दाखवतानाचा. आणि मला एकदम कसंतरी झालं.

कारण तुम्हाला एक गोष्ट सांगितलेली नाही मी. कुणालाच सांगितली नव्हती.

त्या रात्री बाराच्या सुमाराला मला पेन ड्राइव्ह लावायचा होता. पुढचा पोर्ट बिघडलेला. मागे हात पोचेना म्हणून मी कॅबिनेट दोन्ही हातांनी धरून पुढे ओढलं. रेडिएटर मागे भिंतीपाशी वेगळा ठेवलेला असायचा. नळी ताणली गेली. ताणली गेल्याचं मला हाताला जाणवलं. मी पेन ड्राइव्ह लावला, कॅबिनेट ढकललं आणि कामाला बसले. दोन वाजता पाणी आलं.

एवढंच. दोन सेकंदांची गोष्ट. आधी भीतीने बोलले नाही. मग विषय राहिला त्या रागात बोलले नाही. मग त्याचा जोक झाला, आणि जोक आपणच कसा मोडायचा?

‘‘दादा,’’ मी म्हटलं, ‘‘तेव्हा ते गळलं ना, त्याआधी मी कॅबिनेट ओढलं होतं. पेन ड्राइव्हसाठी. नळी ताणली गेली होती.’’

मागे त्याची मुलगी कशावरून तरी हसत होती.

‘‘माहितीये,’’ दादा म्हणाला.

‘‘म्हणजे?’’

‘‘फरशीवर धुळीचा चौकोन होता. कॅबिनेट त्याच्या बाहेर उभं होतं.’’

‘‘मग तू तेव्हाच बोलला का नाहीस? बाबा एवढे...’’

‘‘तुझं सबमिशन गेलं होतं. रडून रडून तुझी वाट लागली होती. त्यात आणखी काय बोलायचं?’’ मग जरा थांबून, ‘‘नंतर तू लग्नात बोललीस तेव्हा मात्र राग आला होता. सांगून टाकतो.’’

मी ‘सॉरी’ म्हटलं. तेरा वर्षांच्या मानाने फारच छोटा शब्द आहे तो. पण दुसरा कुठला म्हणणार?

‘‘ठीक आहे,’’ तो म्हणाला. ‘‘वॉशर किती जाडीचे मिळतात ते बघून सांग. आणि गळतीची टेस्ट किती वेळ केलीस?’’

‘‘अर्धा तास.’’

‘‘अर्धा तास? शहाणी! निदान चोवीस तास. फक्त पंप चालू, बाकी सगळ्याची वीज काढलेली. मशीनला प्लगच लावायचा नाही. पॉवर सप्लायच्या मोठ्या प्लगमधली हिरवी आणि काळी वायर जोडायची. स्विच बंद असताना. आणि खाली टिश्यू पेपर पसर. कोरडा टिश्यू खोटं बोलत नाही.’’

वॉशर घालून ब्लॉक पुन्हा बसवला, चोवीस तास पंप चालवला. टिश्यू कोरडे. रेंडर लावला. चाळीस... सेहेचाळीस... एक्कावन्न. बाहेर अडतीस डिग्री आणि चिप एक्कावन्नला येऊन थांबली. रात्रभर तिथेच. सकाळी स्क्रीनचा फोटो दादाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘नळीला थोडी ढील दे, कॅबिनेट ओढणारी माणसं असतात घरात.’

आता राहिलं होतं हॉलमधलं कोर्ट. रविवारी जेवताना मी आई-बाबांना सगळं सांगितलं. आई काही न बोलता माझ्या पानात भात वाढत राहिली. बाबांनी विचारलं, ‘‘म्हणजे तेव्हा फिटिंग बरोबर होतं त्याचं?’’

‘‘हो बाबा. अगदी बरोबर.’’

ते जेवत राहिले. हात धुऊन आल्यावर म्हणाले, ‘‘बघू तो ठोकळा.’’ मी त्यांना माझ्या खोलीत नेलं. चष्मा लावून, वाकून, तोट्यांपासून रेडिएटरपर्यंत सगळं नीट बघितलं त्यांनी. नळीला बोट लावून बघितलं. ‘‘कोमट आहे,’’ म्हणाले. मग गॅलरीत जाऊन दादाला फोन केला. मी दाराआडून ऐकत होते, कबूल करते. पाऊस कधी येणार, मुलीची शाळा कधी सुरू, गाडीची सर्व्हिसिंग. तेरा वर्षांपूर्वीचं एक अक्षर नाही. आमच्या बाबांच्या पिढीला सॉरी म्हणायला कुणी शिकवलंच नसावं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मार्केट यार्डात गेले, पोरासाठी निवडून निवडून हापूसची पेटी बांधून घेतली आणि बंगळुरूच्या ट्रॅव्हल्सच्या पार्सलात स्वतः उभं राहून टाकून आले. हमालाला बजावलंही, ‘‘सरळ ठेव रे, ओढू नकोस.’’

माझं मशीन अजून गप्पगार चालू असतं. वर्षातून एकदा पाणी बदलते. बॅकअप आता दोन ठिकाणी असतो. आणि टेबलाखालच्या फरशीवर मी कॅबिनेटभोवती पांढऱ्या टेपचा एक चौकोन आखलाय. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगते, वास्तुशास्त्र!